‘नोकरीसाठी तयार’ म्हणून विकलेल्या कोर्सबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: वेब डेव्हलपमेंटच्या ऑनलाइन कोर्सबद्दल तक्रार व निम्मी फी परत मिळण्याबाबत

महोदय,

तुमचा सहा महिन्यांचा कोर्स मी पूर्ण केला. सगळे व्हिडिओ पाहिले, सगळे सराव सोडवले, प्रमाणपत्रही उतरवून घेतलं. तेव्हा ‘नियमित सराव केला असता तर जमलं असतं’ हे उत्तर कृपया पाठवू नका. चॅटवर ते एकदा मिळालं आहे.

गेल्या महिन्यात माझी पहिली मुलाखत झाली. समोर लॅपटॉप, त्यात साठेक फायलींचा तयार प्रोजेक्ट. कोड बरोबर चालतो का ते तपासणारी एक टेस्ट फेल होत होती, तिचं कारण शोधायचं होतं, बस. त्यासाठी पाऊण तास दिला होता. त्यातली वीस मिनिटं तर प्रोजेक्ट सुरू करण्यातच गेली. तुमच्याकडे कोड ब्राउझरमधल्या चौकटीत लिहायचा आणि हिरवं बटण दाबायचं. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडणं, पॅकेजं बसवणं, व्हर्जन जुळवणं यातलं मी कधी काही केलंच नव्हतं. मग त्यांनी एक ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी काढलेली शाखा, मूळ कोडमध्ये मर्ज करायला, म्हणजे मिसळायला सांगितली, तर फायलीत मधेच सात कोनी कंस, खाली बरोबरची सात चिन्हं, त्याखाली सात उलटे कंस. मला वाटलं फाइलच बिघडली. मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी शांतपणे सांगितलं की हा मर्ज कॉन्फ्लिक्ट. एकाच ओळीत दोघांनी वेगवेगळे बदल केले की गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, असं दाखवतं, कुठला ठेवायचा ते आपण ठरवायचं. गिट 2005 पासून आहे. तुम्ही ते अकरा मिनिटांत उरकलंत, तेही एकट्याने एकाच ब्रँचवर. तिथे कॉन्फ्लिक्ट येणार कुठून?

घरी आल्यावर तुमचे सराव पुन्हा उघडून बसले. एका सरावात यादीतल्या सम संख्यांची बेरीज करणारं फंक्शन लिहायचं आहे. उदाहरणात 2, 5, 4, 6 दिलेत. मी लूप वगैरे काही न लिहिता नुसतं ‘रिटर्न 12’ लिहिलं, म्हणजे यादी कुठलीही असो, उत्तर 12च. हिरवी खूण आली, वर ‘शाब्बास!’ तुमची तपासणी एकच यादी देऊन बघते. गंमत म्हणून आणखी दहा सराव असेच केले, सात पास झाले. माझ्या प्रमाणपत्राची किंमत मला त्या संध्याकाळी कळली.

प्रोजेक्टचंही तेच. हवामान दाखवणारं ॲप सगळ्यांनी व्हिडिओ थांबवत थांबवत उतरवायचं. मॅडमनी माझं पाहिलं आणि म्हणाल्या, ‘हे या आठवड्यातलं तिसरं.’ व्हेरिएबलांची नावंसुद्धा तीच होती म्हणे. शिवाय रिॲक्टचा (वेबसाइटचे पडदे बनवायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीचा) प्रोजेक्ट तुम्ही अजून ‘क्रिएट रिॲक्ट ॲप’ या जुन्या साधनाने सुरू करायला लावता. नव्या ॲपसाठी ते वापरू नका, असं रिॲक्टच्या टीमनेच फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर केलं आहे.

तरी माझी खरी तक्रार वेगळीच आहे. पाठ 34 लावून बघा. सर डेटाबेस जोडतात, लाल अक्षरांत एरर येतो आणि पुढच्याच क्षणी सगळं सुरळीत. स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ तेवढं कापायचं राहिलंय: 4:12 वरून ते एकदम 4:51 होतं. मधली एकोणचाळीस मिनिटं सरांनी काय केलं? एरर कुठून वाचायला घेतला, काय शोधलं, कुठला अंदाज चुकला? मुलाखतीत माझ्याकडून नेमकं हेच अपेक्षित होतं. तुमचा व्हिडिओ नीटनेटका दिसावा म्हणून मला तेच दाखवलं गेलं नाही. पुढे मी स्वतः अडकले तेव्हा शंका विचारली. चार दिवसांनी उत्तर आलं: ‘व्हिडिओ पुन्हा पाहा.’

जावास्क्रिप्टचा पाया मात्र सरांनी उत्तम शिकवला, क्लोजरसारखी त्यातली अवघड कल्पना मला त्यांच्यामुळेच कळली. म्हणून सगळी फी मागत नाही. निम्मी परत करा. जाहिरातीतलं ‘पहिल्या दिवसापासून कामाला तयार’ हे वाक्य काढा. ‘प्रोग्रामिंगची ओळख’ एवढंच म्हटलं असतंत तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. सरावांची तपासणीही दुरुस्त करा, ते काम तर तुमच्या हातातलं आहे. फीची पावती आणि ‘रिटर्न 12’चा स्क्रीनशॉट सोबत जोडत आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर हवं.

आणि पाठ 34 चं न कापलेलं रेकॉर्डिंग अजून तुमच्याकडे असेल, तर तेही पाठवा. मला बघायचंय.

आपली,
एक विद्यार्थिनी