नुसतं 'उंदरावर यशस्वी' छापू नका, उंदीर कुठला तेही सांगा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या आतल्या पानावर बातमी होती, माणसाची प्रतिकारशक्ती असलेल्या उंदरांवर कॅन्सरचं औषध यशस्वी. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ऐरोलीच्या सोसायटीतल्या काकू कात्रण घेऊन दारात. त्यांच्या जावयाची केमो चालू आहे आणि मी एमआयडीसीतल्या एका लॅबच्या ॲनिमल हाऊसमध्ये अकरा वर्षं काढलीत हे त्यांना माहीत. "अरे, मग हे औषध कधी मिळेल रे?" मी काय सांगणार, चहा टाकला.

मुळात त्या उंदराला स्वतःची प्रतिकारशक्ती जवळजवळ नसतेच. एनएसजी म्हणतात त्या जातीत टी पेशी नाहीत, बी पेशी नाहीत, एनके पेशीसुद्धा नाहीत, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या मुख्य पेशीच नाहीत, म्हणून माणसाच्या पेशी टोचल्या तरी तो त्यांना हाकलत नाही. या पेशी बऱ्याचदा नाळेच्या रक्तातल्या, म्हणजे बाळंतपणानंतर एरवी फेकूनच देतात त्यातल्या. उंदराला आधी थोडं रेडिएशन, मग पेशी, मग तीनेक महिने थांबायचं. आमच्याकडे पिंजरा, बेडिंग, खाणं, पाणी सगळं ऑटोक्लेव्ह केलेलं, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक, आणि सर्दी झालेल्याला आत नो एन्ट्री. दुसरा झटपट प्रकार म्हणजे मोठ्या माणसाच्या रक्तातल्या तयार पेशी सोडायच्या, पण त्यात चार-सहा आठवड्यांत त्या पेशी उंदराच्याच अंगावर उठतात. वजन उतरतं, केस पिंजारतात, पाठ काढून कोपऱ्यात बसतो, आपल्याला बघवत नाही, आणि मग प्रयोग तिथेच थांबवावा लागतो.

हे उंदीर कामाचे नाहीत असं मी अजिबात म्हणत नाही. २००६ ला लंडनमध्ये टीजीएन१४१२ नावाची अँटिबॉडी (औषध म्हणून बनवलेलं प्रथिन) सहा धडधाकट तरुणांना दिली आणि सहाही जण काही तासांत आयसीयूत, का, तर अंगात सायटोकाइनचं वादळ उठलं, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी सोडतात त्या रसायनांचा पूर आला. माकडांवर त्याच्या कितीतरी पट डोस देऊनही काही झालं नव्हतं. नंतर माणसाच्या पेशी घातलेल्या उंदरांवर तीच अँटिबॉडी वापरून बघितली तर वादळ दिसलं. म्हणजे माकडाने जे लपवलं ते उंदराने दाखवलं.

पण उंदरात नेमकं काय घातलंय यावर सगळं असतं हो. कार-टीचंच घ्या, म्हणजे टी पेशी बाहेर काढून, कॅन्सर ओळखतील अशा बदलून पेशंटमध्ये परत सोडायच्या. देशातल्या पहिल्या पेशंटला ती २०२१ मध्ये आपल्या खारघरच्या ॲक्ट्रेकमध्येच, टाटाच्या कॅन्सर केंद्रात, दिली. कार-टीत पेशंटला जे वादळ येतं त्यात मोनोसाइट, मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या पेशींचा मोठा हात असतो हे २०१८ च्या उंदरांवरच्या कामातून पुढे आलं. आता ज्या उंदरात नुसता माणसाचा ट्यूमर आणि कार-टी आहे, माणसाच्या मोनोसाइट नाहीतच, त्याच्यात ते वादळ कुठून दिसणार? ट्यूमर गेला, उंदीर टुणटुणीत, बातमी तयार. शिवाय टी पेशींची शाळा असते थायमस ही छातीतली ग्रंथी, तीही उंदराचीच, म्हणजे विद्यार्थी माणसाचे आणि मास्तर उंदीर, आणि लिम्फ नोड (प्रतिकारशक्तीच्या पेशी जमतात त्या गाठी) पण धड वाढलेल्या नसतात.

तेव्हा विनंती एवढीच की अशा बातमीत एक ओळ जास्त द्या. उंदरात माणसाच्या कुठल्या पेशी होत्या, किती उंदीर होते, आणि माणसांवर ट्रायल सुरू झालीय की नाही. रिपोर्टरने शास्त्रज्ञाला हे तीन प्रश्न फोनवर विचारले तरी पाच मिनिटं लागतील. काकूंना मी शेवटी खरं ते सांगितलं, त्या काही बोलल्या नाहीत, कात्रण घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाल्या जावयाला सांगू नकोस.

आणि हो, बातमीसोबत फोटो छापलाय तो गटारातल्या घुशीचा आहे. एनएसजी पांढरा असतो, लाल डोळ्यांचा, तळहातावर मावेल एवढा.

आपला,
एक जुना वाचक, ऐरोली, नवी मुंबई