हॅमस्टरचे घर खोल हवे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पहिल्यांदाच हॅमस्टर, म्हणजे उंदरासारखा छोटा प्राणी, पाळणारे लोक खाण्याची चौकशी बारकाईने करतात, घराचे मात्र फारसे कोणी विचारत नाही. तारेचा दोनमजली पिंजरा, शिडी, रंगीत नळ्या असा सगळा संच तयार मिळतो, त्यामुळे प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. पण हा बिळात राहणारा प्राणी आहे. पाळीव सीरियन हॅमस्टरांचे मूळ १९३० साली सीरियातल्या अलेप्पोजवळ एका शेतातून खणून काढलेल्या मादीपर्यंत आणि तिच्या पिल्लांपर्यंत जाते. रानातल्या त्यांच्या बिळांची मापे घेतली तेव्हा सरासरी खोली ६५ सेंमीच्या आसपास भरली. अशा जनावराला तीन बोटे भुशावर ठेवून वर मजले चढवायचे, हे उलटेच झाले. त्याची नजर अधू असते, उंचीचा अंदाज येत नाही. वरून पडले की पाय मोडतो. नळ्यांचेही तसेच. गालाच्या पिशव्या दाण्यांनी फुगवून निघालेला सीरियन अरुंद नळीत अडकतो.

म्हणून घर स्वतः करावे, आणि प्राणी आणण्याआधी ते पूर्ण झालेले असावे.

आधी मापे. तळ आतून किमान १०० × ५० सेंमी आणि उंची ५० सेंमी धरावी. साठवणीचा प्लास्टिकचा मोठा डबा घेणार असाल तर त्यावर लिहिलेल्या लिटरवर जाऊ नका. डबा उभट असला तर लिटर भरपूर, पण जमीन चिमूटभर. शिवाय असे डबे खाली निमुळते होत जातात, तेव्हा टेप तळाशीच लावावा. एवढा डबा मिळत नसेल तर माशांची जुनी काचेची टाकी उत्तम. ती गळत असली तरी चालेल, फक्त काचेला तडा नसावा.

काचेच्या टाकीला वरून जाळीचे झाकण पुरते. प्लास्टिकच्या डब्याला मात्र झाकणात आणि एका लांब बाजूला खिडकी कापावी लागते. कडेने पाच सेंमी पट्टी सोडून चौकोन आखावा आणि चारही कोपऱ्यांत ड्रिलने ६ मिमीचे भोक पाडावे. कटर कोपऱ्यापर्यंत आला की तडा त्या भोकात थांबतो. भोक नसेल तर तो सरळ काठापर्यंत धावतो आणि डबा वाया जातो. एका दमात कापू नये, त्याच रेघेवरून कटर हलक्या हाताने पुन्हा पुन्हा फिरवावा. कापलेली कड काचपेपरने गुळगुळीत करावी. बाजूची खिडकी भुशाच्या पातळीपेक्षा निदान पाच सेंमी वर असू द्या, नाहीतर रोज सकाळी खोली झाडावी लागेल.

जाळी जस्ताचा मुलामा दिलेली, वेल्ड केलेली, ६ मिमी चौकोनाची घ्यावी. डासांची नायलॉनची जाळी एका रात्रीत कुरतडली जाते. खिडकीपेक्षा प्रत्येक बाजूने तीन सेंमी मोठा तुकडा कापून व्हिनेगरच्या पाण्याने घासावा, तारांची टोके मागे दुमडावी आणि जाळी आतल्या बाजूने बसवावी. बाहेरून बसवली तर प्लास्टिकची कड आत उघडी राहते, आणि कुरतडायला हॅमस्टरला तेवढी कड पुरते; त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात. दर आठ-दहा सेंमीवर ४ मिमीचा बोल्ट आणि दोन्हीकडे रुंद वॉशर लावावा. ग्लू गनवर विसंबू नये, तो गोंद दातांपुढे टिकत नाही.

आता भर. कागदाच्या लगद्याचे अंथरूण किंवा अस्पेन लाकडाचा भुसा चालतो. देवदार किंवा पाइनचा वासाचा भुसा नको, त्यातल्या द्रव्यांचा श्वासनलिकेला त्रास होतो. एका टोकाला २५ ते ३० सेंमी आणि दुसऱ्या टोकाला १० सेंमी असा उतार ठेवावा. एवढ्याला सुमारे शंभर लिटर भर लागते. हा आकडा ऐकून बरेच जण अर्ध्यावर थांबतात. नुसती ओतूनही उपयोग नाही. पाच सेंमीचा थर पसरायचा, तळव्याने दाबायचा, वर थोडे सुके गवत विस्कटायचे, मग पुढचा थर. शेवटी एक बाटली तिरकी आत खुपसून बाहेर काढा. भोक तसेच राहिले तर बीळ टिकेल, भुसा लगेच ढासळला तर अजून दाबायला हवा.

सर्वात धोक्याची चूक यापुढे होते. चाक, मातीचे भांडे, वाळूची वाटी अशा जड वस्तू सैल भुशावर ठेवल्या जातात. हॅमस्टर त्यांच्या खालून बीळ काढतो, वरचे वजन खचते आणि तो दबतो. जड वस्तू थेट तळावर ठेवाव्यात, किंवा तळावर टेकलेल्या चार पायांच्या लाकडी पाटावर. पाटाचे पाय त्या जागच्या भुशाइतके उंच हवेत. पुठ्ठ्याचे हलके सामान कुठेही ठेवा. लपायला बुटांचा रिकामा खोका पुरतो. त्याचा तळ कापून टाकावा, चिकटपट्टी काढावी आणि सात सेंमीचे दार पाडावे. ओला झाला की बदलावा.

सीरियनला २८ ते ३० सेंमी व्यासाचे, ड्वार्फ म्हणजे लहान चणीच्या जातींना २० सेंमीचे चाक लागते. पळताना पाठ वर वाकलेली दिसली तर चाक लहान आहे. आतला पृष्ठभाग अखंड हवा, दांड्यांच्या चाकात पाय अडकतो. आंघोळीला बारीक, धुऊन वाळवलेली वाळू द्यावी, पावडर नको. ती फुप्फुसात जाते. घरट्यासाठी बिनवासाचा टॉयलेट पेपर फाडून द्यावा. कापसासारख्या मऊ घरट्याची विक्री होते, पण त्याचे धागे पायाला गुंडाळतात आणि पोटात गेले तर आतडे तुंबते. पाण्याची बाटली भरलेली दिसली म्हणून निश्चिंत राहू नये. बाटलीच्या तोंडातली गोळी रोज बोटाने दाबून थेंब येतो का पाहावे.

घर उन्हापासून, टीव्ही-फ्रिजपासून दूर, १८ ते २४ अंश तापमानात ठेवावे. सकाळी भिंतीवर आतून पाण्याचे थेंब दिसले तर हवा कमी पडते आहे, खिडकी वाढवा. आणि एका घरात एकच. ‘जोडी न्या, एकटा कंटाळेल’ हा सल्ला सीरियनच्या बाबतीत रक्तपातावर संपतो.

आणल्यावर पहिले तीन-चार दिवस अन्नपाणी सोडून हात घालू नये. पुढे रोज फक्त मुताचा कोपरा काढावा. सगळे घर एकदम धुतले तर त्याचा स्वतःचा वास जातो आणि तो बिथरतो. भर बदलायची वेळ आली की एकावेळी तिसरा हिस्साच बदलावा, तोही काढलेल्यातला कोरडा मूठभर भुसा नव्यात मिसळून. दाण्यांचा साठा सापडला तर ओले आणि बुरशीचे तेवढे काढून बाकीचे जागच्या जागी ठेवावे. शेपटीखालचा भाग ओला आणि घाण दिसला, प्राणी मलूल झाला, तर साफसफाई राहू द्या आणि त्याच दिवशी पशुवैद्य गाठा. त्या जुलाबात लहान पिल्लू एक-दोन दिवसांत जाते.

– लहान पाळीव प्राण्यांची देखभाल करणारे काही वाचक