छापून न आलेलं लेखनही लेखनच

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला लेखनाच्या भवितव्यावरचा लेख वाचला आणि काल दिवसभर डोकं तापलेलं राहिलं. पुस्तकं खपत नाहीत, आता यंत्रंही लिहू लागली, तेव्हा हौशी मंडळींनी कागद वाया घालवू नये, हा लेखकमहाशयांचा सल्ला. खप घटला असेल, त्यावर वाद नाही. पण खपलं नाही तर लिहायचंच नाही, हा कायदा कुणी केला?

माझे वडील इथे गोव्यात, बोरीत कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, सांभाळत. पोर्तुगीज अमदानीत लग्नाची पत्रिकासुद्धा आधी सेन्सॉरला दाखवावी लागे. तिथे आपलं काही छापून येईल असं त्यांच्या मनातही आलं नसेल. तरी रात्री जेवणं आटोपली की कंदिलाशेजारी त्यांची वही उघडायची. पाटाचं पाणी कधी आटलं, चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या माटोळीला कांगलांची रानफळं कुठल्या डोंगरावर मिळाली, आंबाडे कुणी दिले, शेजाऱ्याशी कशावरून बिनसलं. लिहिता लिहिता एकटेच हसत. हे वाचणार कोण, असं आईने विचारलं की म्हणत, “हांव बरयतां, तें पुरो.” मी लिहितो, तेवढं पुरे.

यजमान गेल्यावर मीही लिहू लागले. त्यांच्याविषयी लिहायला बसले आणि आठवलं, फोन घेण्याआधी ते चष्मा कपाळावर चढवायचे. इतकी वर्षं समोर पाहिलेलं, पण लिहीपर्यंत कधी मनात आलं नव्हतं. पुन्हा पुन्हा खोडलेलं वाक्य शेवटी मनासारखं उतरतं, त्या दिवशी स्वयंपाक करतानाही मी खुशीत असते. यंत्राने लिहून दिलं तर हे मला कुठून मिळणार?

मागे आमच्या तालुक्यातल्या एका साहित्य मेळाव्यात नोंदणीच्या कागदावर ‘प्रकाशित पुस्तके’ असा रकाना होता. मी रेघ ओढली. टेबलावरचा तरुण म्हणाला, “बाई, मग तुमचं नाव श्रोत्यांत घालतो.” वाचायला आणलेली कविता पिशवीतच राहिली. पदरचे पैसे घालून पुस्तक काढलेले मात्र सगळे व्यासपीठावर! तो राग अजून गेलेला नाही. तुमच्या लेखाने तो पुन्हा वर आला.

विषय निघालाच आहे म्हणून सांगते: आपला वाचकांच्या पत्रांचा रकाना हल्ली निम्मा झाला आहे, आणि मोठी जाहिरात आली की तेवढाही गायब. वही मी माझ्यासाठी लिहिते. पत्र मात्र तुम्हाला लिहिलेलं असतं. तो रकाना पूर्वीएवढा करावा आणि हे पत्र त्या लेखकमहाशयांपर्यंत पोचवावं, ही विनंती.

– एक वाचक, बोरी, फोंडा