वेळ इंटमध्ये ठेवायला शिकवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत मुलांसाठी आर्डुइनोचे (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डचे) प्रोजेक्ट येतात ते छानच आहे, पण गेल्या वेळच्या कोडमध्ये वेळ साठवायला सरळ इंट (पूर्णांक ठेवायचा साधा प्रकार) वापरलाय म्हणून हे लिहितोय. आर्डुइनो उनोवर इंट 16 बिटचा असतो, त्यात 32767 च्या पुढचा आकडा मावत नाही, आणि बोर्ड सुरू झाल्यापासूनचा वेळ सांगणारं मिलिस() मोजतं मिलिसेकंदात, म्हणजे जेमतेम 33 सेकंद झाले की आकडा मायनसमध्ये. दर सेकंदाला ब्लिंक होणारा एलईडी अर्धा मिनिट मस्त चालतो आणि मग आहे तिथेच अडकतो, चालू असेल तर चालूच, बंद असेल तर बंदच. पोरगं बिचारं वायरिंग तपासत बसतं, रेझिस्टर बदलून बघतं. आणि गंमत म्हणजे तोच कोड ईएसपी32 या दुसऱ्या बोर्डवर व्यवस्थित चालतो, कारण तिथे इंट 32 बिटचा, मग खापर फुटतं उनोवर.

मिलिस() स्वतः अनसाइन्ड लाँग (मायनस नसलेला 32 बिटचा पूर्णांक) देतं तर ठेवायचं पण त्यातच ना. अर्थात तेवढ्यानं भागत नाही. एका मिनिटासाठी 60 * 1000 लिहिलं की दोन्ही आकडे इंट, त्यामुळे गुणाकारही इंटमध्येच होतो आणि 60000 ऐवजी हाती येतं -5536, ते अनसाइन्ड लाँगमध्ये टाकलं की होतं 4294961760, म्हणजे मिनिटभराने बंद व्हायचा पंप जवळपास पन्नास दिवस चालू! 60 ला यूएल (अनसाइन्ड लाँगची खूण) जोडून 60यूएल लिहिलं की काम झालं. फ्लोट (दशांश आकड्यांचा प्रकार) तर नकोच, 16777216 च्या पुढे, म्हणजे पावणेपाच तासांच्या आतच, त्यातला एकेक मिलिसेकंद गळायला लागतो.

राहिला प्रश्न 49.7 दिवसांनी मिलिस() परत शून्यावर येण्याचा. त्यासाठी बोर्ड अधूनमधून रीसेट करा असं सांगणारे महाभाग आहेत, पण काही गरज नाही. आत्ताच्या वेळेतून आधीची वेळ वजा करा आणि ते उत्तर इंटरव्हलशी, म्हणजे हव्या असलेल्या अवधीशी, ताडून बघा, अनसाइन्डमध्ये वजाबाकी शून्य ओलांडूनही बरोबर येते. आधीच्या वेळेत इंटरव्हल मिळवून तुलना केली तर मात्र तिथेच घोळ होतो, आणि तुमच्या कोडमध्ये नेमकं तेच केलंय.

पुढच्या अंकात दोन्ही ओळींची दुरुस्ती छापाल का? मुलं कोड जसाच्या तसा टाइप करतात हो.

आपला,
एक नियमित वाचक