कचेरीत बसलेली बाई

इंदूर, श्रावण

चि. अनघास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की 'पंचायत' या हिंदी वेब मालिकेचा चौथा सीझन तू मध्येच सोडलास. पहिल्यासारखी मजा उरली नाही, नुसतं निवडणुकीचं राजकारण चाललंय म्हणालीस. तुला ऑफिसला निघायची घाई होती म्हणून मी विषय वाढवला नाही. पण तो सीझन तू पुरा बघावास असं मला फार वाटतं. का वाटतं ते फोनवर धड सांगता यायचं नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी घरात काय काय बघणं चाललंय ते सांगते. आजीनं 'आई कुठे काय करते' पुन्हा पहिल्यापासून लावून घेतली आहे. 2019 च्या डिसेंबरात सुरू झालेली मालिका 2024 च्या नोव्हेंबरात संपली, तेव्हा तिला घरातलं माणूस परगावी गेल्यासारखं झालं होतं. वरच्या मजल्यावरच्या भाभी 'अनुपमा'वाल्या. दोन्ही मालिका मूळच्या एकाच बंगाली 'श्रीमोयी'वरून घेतलेल्या, त्यामुळे दुपारी दोघी जिन्यात उभ्या राहून अरुंधती शहाणी की अनुपमा, यावर अर्धा मराठी अर्धा हिंदी वाद घालतात. माझं मत विचारशील तर मधुराणीची अरुंधती सुरुवातीला मनापासून आवडली. सगळ्यांच्या वेळा सांभाळताना स्वतःची वेळ कुठे गेली हे जिला कळतच नाही, अशी बाई तिनं फार खरी केली. पुढे मात्र कथा ताणली. तिनं उंबरठा ओलांडल्यावर बाहेर ती काय काम करते, कसं शिकते, कुठे अडते, हे बघायची मी वाट बघत राहिले आणि मालिका पुन्हापुन्हा त्याच दिवाणखान्यात येऊन बसली.

बाबांचं 'गुल्लक' चालू आहे. त्यातले मिश्राजी बिजली विभागातले, आणि बाबांची सगळी नोकरी विद्युत मंडळात गेली, म्हणजे बघायलाच नको. शूटिंग भोपाळचं असल्यामुळे ते अंगण, ती गच्ची, तो स्कूटर आत घ्यायचा दरवाजा, सगळं आपल्याच गल्लीतलं वाटतं. गीतांजली कुलकर्णी ही आपली मराठी बाई, पण शांती मिश्रा अशी केली आहे की भाभींना पटेना ती मराठी आहे म्हणून. त्यातली बिट्टू की मम्मी म्हणजे सुनीता राजवार. तीच 'पंचायत'मध्ये क्रांतीदेवी झाली आहे. बघितलंस, पुन्हा तिथेच आले.

'पंचायत' पहिल्यांदा आली 2020 च्या एप्रिलमध्ये, सगळे घरात अडकलेले असताना. गोष्ट उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यातली, पण जे गाव दिसतं ते सीहोर जिल्ह्यातलं महोडिया, आपण भोपाळला जातो त्याच वाटेवरच्या भागातलं. रघुवीर यादव तर जबलपूरचेच. तुम्हा मुलांना त्यात सचिवजींचा कंटाळा, विकास आणि प्रल्हादचाचाची गंमत दिसली. मला पहिल्या दिवसापासून दिसत होती ती मंजूदेवी. निवडून आलेली प्रधान ती, आणि अख्खं गाव प्रधानजी म्हणतं तिच्या नवऱ्याला. ती घरात भाजी निवडते, वेळ आली की सही करते.

हे मला नवीन नव्हतं. माझी जनपद कार्यालयातल्या, म्हणजे तालुक्याच्या पंचायत कचेरीतल्या, लेखा शाखेतली नोकरी तुला आठवते ती मी संध्याकाळी उशिरा घरी यायची तेवढीच. 73 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली आणि पंचायतीत निदान एक तृतीयांश जागा बायकांसाठी ठेवणं भाग झालं. पुढे मध्य प्रदेशानं त्या निम्म्या केल्या. आपल्याकडे प्रधान म्हणत नाहीत, सरपंच म्हणतात, आणि सरपंचबाईच्या नवऱ्याला सरपंचपती. हा शब्द सगळे इतक्या सहज वापरायचे, जसं काही सरकारनंच ते पद काढलं आहे! माझ्या टेबलासमोर खुर्चीवर बसायचे ते सरपंचपती. बाई मागे भिंतीशी, घुंगट ओढून, आणि कागद पुढे आला की नवरा म्हणायचा, "मॅडम, बता दो कहाँ साइन करना है, कर देगी."

त्यातली एक मला कायमची लक्षात राहिली आहे. एकदा ती एकटीच आली. भर मे महिन्यातली दुपार, कार्यालयात पंख्याखाली दोन-चार माणसं, आणि ही दारात चपला काढून उभी. तिला म्हटलं, चपला घालून या, आत या, बसा. पदराखालून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून पंचायतीचं पासबुक. म्हणाली, "मैडम, हैंडपंप का पैसा आया था, वो इसमें किधर लिखा है?" मी ओळ दाखवली. तिनं त्या ओळीखाली बोट ठेवलं आणि म्हणाली, आता याच्या वरची वाचा. मग त्याच्या वरची. आम्ही शेवटच्या पानापासून पहिल्या पानापर्यंत उलट्या गेलो. तिला अक्षरं जेमतेम लागत होती, पण आकडे चोख कळत होते. एका ठिकाणी बोट थांबलं ते थांबलंच. तिथे तिनं पदरानं घाम पुसला, रक्कम दोनदा म्हणून घेतली आणि पासबुक पुन्हा पिशवीत ठेवलं. पुढच्या वेळी ती आली तेव्हा नवरा होता बरोबर, पण खुर्चीवर ती बसली.

त्यामुळे पहिल्या सीझनचा शेवटचा भाग बघताना मी जागची हलले नव्हते. 26 जानेवारी, कलेक्टरबाई येणार, झेंडा खऱ्या प्रधानानंच फडकवला पाहिजे, आणि मंजूदेवीला राष्ट्रगीत येत नाही. नीना गुप्तानं ते राष्ट्रगीत कसं म्हटलं आहे ते पुन्हा नीट बघ. मध्ये अडखळते. तिथे तिचे डोळे कोणाकडेही मदत मागत नाहीत, आतल्या आत शब्द शोधतात. मग सापडतो आणि ती पूर्ण करते. माझ्यासाठी मालिका खरी सुरू झाली ती तिथे.

आता तुझा चौथा सीझन. मंजूदेवी विरुद्ध क्रांतीदेवी, निवडणूक चिन्हं लौकी विरुद्ध कुकर. दोन्हीकडे उमेदवार बाई, आणि दोन्हीकडे डावपेच ठरवणारे पुरुष. तू म्हणतेस राजकारण फार झालं. अगं, तेच तर बघण्यासारखं आहे! पोस्टरवर चेहरा बाईचा आणि बैठकीत तिला चहा करायला आत पाठवायचं, हे त्यांनी भाषण न देता दाखवलं आहे. आणि त्या दोघी हळूहळू त्या खेळात स्वतः उतरायला लागतात, कधी चांगल्यासाठी, कधी नुसत्या ईर्ष्येनं. बाई पदावर आली की आपोआप सगळं पवित्र होतं असं दाखवलं असतं तर मीच टीव्ही बंद केला असता. गावातल्या गरीब विनोदला जेवायला बोलावतात तो प्रसंग तर सोडूच नकोस. किती प्रेमानं वाढलेलं ताट, किती हरखून जेवतो तो, आणि हा मान आपल्या मतासाठी आहे हे कळतं तेव्हा त्या माणसाचा चेहरा बघ. गरिबीला किंमत लावणाऱ्यांना त्यानं दिलेलं उत्तर ऐकून बाबा उठून आत निघून गेले, पाणी प्यायला म्हणून.

याच दिवसांत मी 'पुण्यश्लोक अहिल्याबाई' पण पुन्हा लावली होती. 31 मे 2025 ला अहिल्याबाईंच्या जन्माला 300 वर्षं झाली, इंदुरात जिकडेतिकडे कार्यक्रम, राजवाड्यासमोरच्या पुतळ्याला रोषणाई. मालिका 2021 च्या जानेवारीत सोनीवर सुरू झाली तेव्हा तू परीक्षेत होतीस, फारशी बघितली नाहीस. पहिल्या भागांनी मला खरंच जिंकलं होतं. छोटी अहिल्या झालेली अदिती जलतारे आणि राजेश शृंगारपुरेचे मल्हारराव, सासरा आणि सून कसे एकमेकांना ओळखतात ते सुरेख होतं. सासू गौतमाबाई कोण, जन्मगाव चौंडी कुठे, हे भाभींच्या घरातल्या मुलांनाही कळलं. इंदूरच्या मराठी माणसाला याचा आनंद होणारच.

पण पुढे वाड्यातली कारस्थानं सुरू झाली ती संपेचनात. दारामागे उभं राहून ऐकणं, कोणीतरी कोणाच्या कानाशी लागणं, चेहऱ्यावर तीनदा कॅमेरा. अहिल्याबाईंना कारस्थानं सोसावी लागली नाहीत असं नाही. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले, 1766 मध्ये मल्हारराव, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. मग दिवाण गंगाधर यशवंतानं राघोबादादांना बोलावलं आणि दादा फौज घेऊन क्षिप्रेपर्यंत आले. ते नाट्य आहेच. पण अहिल्याबाई अहिल्याबाई झाल्या त्या नंतरच्या 28 वर्षांत, महेश्वरला, रोज कचेरीत बसून.

माल्कम म्हणून ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी होता. त्याचं माळव्यावरचं पुस्तक 1823 चं, म्हणजे बाई जाऊन 28 वर्षं झाली होती, त्यांना पाहिलेली माणसं अजून होती, त्यांना विचारून त्यानं लिहिलं. त्यात त्यांचा दिवस दिला आहे. पहाटे उठून पूजा, पुराण, दानधर्म, जेवण, थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो संध्याकाळी सहापर्यंत. पडदा नाही, समोर बसून लोकांचं ऐकायचं. रात्री पूजा-फराळ आटोपून नऊ वाजता पुन्हा कामाला, अकरापर्यंत. मी लेखा शाखेत असताना मार्चअखेरीला रात्रीचे कागद बघितले आहेत गं. रोज, इतकी वर्षं, ही काय ताकद आहे ते मला कळतं.

आणि त्यांचा हिशेब! खासगी वेगळी, दौलत वेगळी. काशीपासून ठिकठिकाणची देवळं, घाट, धर्मशाळा, अन्नछत्रं हा दानधर्म खासगीतून, फौज आणि राज्यकारभार दौलतीतून. भिल्लांचा बंदोबस्त घे. ते घाटात वाटसरूंना लुटायचे. बाईंनी आधी धाक दाखवला, मग त्यांचा जाणाऱ्या मालावर घ्यायचा जुना हक्क, भिलकवडी म्हणतात ती, मान्य केली आणि त्या बदल्यात रस्त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी त्यांच्याच गळ्यात घातली. पावसाळ्यात आपण जाम गेटला जातो, तो घाट उतरला की महेश्वरची वाट. तिथे उभं राहून विचार कर की या निर्णयाचा एक अख्खा भाग झाला असता की नाही.

मालिकावाल्यांना वाटतं कचेरीचं काम दाखवलं की लोक चॅनल बदलतील. 'पंचायत'नं तर गावातले सौर दिवे कोणाच्या दारात लागणार यावर एक भाग केला, चाकाच्या खुर्चीवर एक भाग केला, आणि सगळा देश बघत बसला. कोण मागतं, कोणाला मिळतं, कोण रुसतं, कागदावर शेवटी काय लिहिलं जातं, यात माणसाचा सगळा स्वभाव येतो. मग अहिल्याबाईंच्या समोर आलेला एखादा शेतकरी, एखादी निपुत्रिक सावकाराची विधवा, तिच्या पैशावर टपलेले कारभारी, यातून काय काय निघालं असतं! मल्हाररावांनी 1765 मध्ये सुनेला पत्र धाडून तोफखाना ग्वाल्हेरकडे न्यायला, दारूगोळ्याची तजवीज करायला सांगितलं होतं. अशा पत्रातली एक ओळ मला वाड्यातल्या दहा भांडणांपेक्षा मोठी वाटते. आपल्या घरची एवढी मोठी बाई टीव्हीवर आली आणि तिचं काम मात्र मागेच राहिलं, याचं मला खरंच वाईट वाटतं. मंजूदेवी तर कल्पनेतली, तिच्या वाट्याला चांगले लेखक आले. अहिल्याबाईंच्याही यावेत. कोणीतरी मराठी मुलं-मुली हे लिहायला बसतील, याची मी वाट बघते आहे.

तू लिहीतेस थोडंफार, म्हणून तुला हे सगळं सांगितलं. माल्कमच्या पुस्तकातल्या त्या पानांचे फोटो बाबांना व्हॉट्सअॅपवर पाठवायला सांगते.

आजीची तब्येत बरी आहे, गुडघा तेवढा पावसानं कुरकुरतो. लवंगेची शेव आणि पोह्यांवर घालायचा जीरावन शेजारच्या मुलाबरोबर पाठवते आहे, तो रविवारी पुण्याला पोचेल. डबा त्याच्याकडून परत घ्यायला विसरू नकोस.

आणि चौथा सीझन या शनिवार-रविवारी संपव. निकाल कुठे वाचू नकोस, कोणी सांगायला लागलं तर कान झाक. मतमोजणीचा भाग संपला की कितीही वाजले असले तरी फोन कर, क्रांतीदेवीबद्दल बाबांचं आणि माझं अजिबात पटत नाहीये आणि तुझं मत कोणाच्या बाजूनं पडतं ते आम्हा दोघांना ऐकायचं आहे.

तुझी,
आई