पालकांच्या शंकेला मराठीत आणि वेळेवर उत्तर हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात बालकांच्या लसीकरणावर आपण जो लेख छापला आहे, त्याचा शेवटचा परिच्छेद वाचून राहवले नाही, म्हणून हे पत्र. पालकांनी लसींविषयी मोबाइलवर काहीही शोधू नये, शंका असल्यास थेट डॉक्टरांना विचारावे, असा सल्ला लेखकांनी दिला आहे आणि लस टाळणाऱ्या आईबापांना सरसकट अडाणी ठरवले आहे. मी उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. लेखाचा हेतू चांगला आहे हे मान्य करूनही सांगते की, हा सल्ला घरात बाळ असलेल्या माणसाच्या उपयोगाचा नाही.

बाळ जन्मले की डाव्या दंडावर बीसीजी ही क्षयरोगाविरुद्धची लस टोचतात. दोन-तीन आठवड्यांनी तेथे बारीक पुटकुळी येते, पुढे ती फुटते, थोडा पू येतो, खपली धरते आणि शेवटी व्रण राहतो. हे अपेक्षितच असते. त्यावर काही लावायचे नसते की शेकायचे नसते. मात्र हा पू बहुधा नेमका त्याच सुमारास दिसतो, जेव्हा सहाव्या आठवड्याचे पेंटाव्हॅलंट (पाच आजारांविरुद्धची एकत्र लस) आणि पोलिओचे डोस द्यायचे असतात. पहिली टोचणी 'पिकली', मग दुसरी कशाला, हा विचार घरात येतो तो इथे.

माझ्या उपकेंद्राच्या हद्दीत पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली, बी.ए. झालेली एक मुलगी होती. बाळाला झोपवताना तिला दंडावरचा पू दिसला. रात्रीची वेळ, उपकेंद्र बंद, डॉक्टर तालुक्याला. तिने मोबाइल हातात घेतला. दुसरे काय करायला हवे होते, हे आपल्या लेखकांनी सांगावे. चुलत भावाने पाठवलेल्या एका व्हिडिओत एक गृहस्थ अस्खलित मराठीत, घरच्या वडीलधाऱ्या माणसासारखे समजावत होते की लस अंगावर फुटली की रक्त नासते आणि पुढची टोचणी बाळाला झेपत नाही. दुसऱ्या दिवशी लसीकरणाच्या सत्रावर ती आली नाही. आशाताईंना बरोबर घेऊन मी घरी गेले, तेव्हा दंडावर हळदीचा लेप होता आणि आजीने दारातच सांगितले, "आता लस नको."

मी परोपरीने समजावले. हे सारे सरकारच्या संकेतस्थळावर लिहिलेले आहे, असेही सांगितले. मुलीने तिथेच, माझ्यासमोर शोधले. सापडले ते आम्हा कर्मचाऱ्यांसाठी तयार केलेले भलेमोठे इंग्रजी पुस्तक, ज्याची अक्षरे मोबाइलवर बोटांनी मोठी करत वाचावी लागत होती. "सिस्टर, तुमचं खरं असेलही, पण मला कळतंय ते त्यांचंच," असे ती म्हणाली. या मुलीला अडाणी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

त्यानंतर मी आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना गळ घातली. त्यांनी टेबलावर मोबाइल उभा केला, स्वतःचे आणि केंद्राचे नाव सांगितले आणि दोन-तीन मिनिटांत पुटकुळी, खपली आणि व्रण असे तीन फोटो दाखवत सगळे मराठीत समजावले. जखम बरेच आठवडे भरली नाही किंवा काखेत गाठ वाढू लागली, तर मात्र बाळाला दाखवायला आणा, हेही सांगितले. अंगणवाडीच्या मातांच्या ग्रुपवर ते टाकले. बाळाचा डोस उशिरा झाला, पण झाला, आणि आजीच त्याला कडेवर घेऊन आली.

अशा चित्रफिती जिल्हाभर कराव्यात, असे मी एका वरिष्ठ कार्यालयाला लेखी कळवले. प्रसिद्धीसाहित्य वरून मंजूर होऊन येते, एवढे एका ओळीचे उत्तर आले. पुढे वरून खरोखरच साहित्य आले: हसऱ्या बाळाचे पोस्टर. ताप, पू, मांडीवरची गाठ, पालक ज्या गोष्टींना घाबरतात त्यांपैकी एकीचाही त्यात उल्लेख नव्हता. त्या उत्तराचा राग मला आजही आहे.

थेट डॉक्टरांना विचारा, हे म्हणणे सोपे आहे. लस टोचल्यावर आईला चार गोष्टी सांगायच्या, असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात: कोणती लस दिली व ती कोणत्या आजारासाठी, पुढच्या वेळी केव्हा यायचे, काय त्रास होऊ शकतो व तेव्हा काय करायचे, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आणायचे. ओटीवर रडणारी बाळे आणि बाहेर रांग असताना यातली तिसरी गोष्टच नेहमी अपुरी राहते. ती पुरी करायला इंटरनेटइतके सोयीचे साधन नाही, कारण ते आईच्या हातात रात्रीही असते. यू-विन या सरकारच्या लसीकरण पोर्टलवर डोसची नोंद आणि पुढच्या तारखेची आठवण मिळते, हे उत्तमच आहे, पण तारीख माहीत असूनही माणूस भीतीपोटी येत नाही, त्याचे काय करायचे?

नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी गोवर-रुबेलाची मोहीम झाली, तेव्हा मुलांना पुढे मूल होणार नाही, ही अफवा व्हॉट्सॲपवरून शाळाशाळांत पोहोचली होती. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी आणि मालेगावात गोवराची साथ पसरली आणि राज्यात मुले दगावली. ते केवळ अफवेमुळे झाले, असे मी म्हणणार नाही. कोविडकाळात चुकलेले डोस आणि दाटीवाटीच्या वस्त्या हीही कारणे होती. पण अफवा घरोघर पोहोचते आणि तिचे उत्तर फायलीत राहते, हे आम्ही पाहिले आहे.

शहरातल्या पालकांची शंका वेगळी असते. गोवराच्या लसीने स्वमग्नता (ऑटिझम) येते का, हा प्रश्न पुण्यामुंबईच्या घरांत अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून येतो. तो ज्या शोधनिबंधातून निघाला, तो १९९८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अवघ्या १२ मुलांवरून लिहिलेला होता. २०१० मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला आणि त्याचे प्रमुख लेखक अँड्र्यू वेकफिल्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढण्यात आले. २०१९ साली डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हाही असा संबंध आढळला नाही. एवढी माहिती सोप्या मराठीत, खाली डॉक्टरांचे नाव आणि तारीख घालून, शोधल्याबरोबर समोर आली पाहिजे. संकेतस्थळ कोण चालवते आणि पैसा कोणाचा, हे उघड सांगितलेले असावे, ही अट जागतिक आरोग्य संघटनेच्या 'व्हॅक्सिन सेफ्टी नेट'मध्ये येणाऱ्या संकेतस्थळांना असते. तीच आपणही लावावी आणि पालकांनाही ती तपासायला शिकवावी. शोधू नका म्हणण्यापेक्षा कुठे शोधायचे ते सांगणे अधिक हिताचे आहे. आपल्या वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर बालरोगतज्ज्ञांकडून पालकांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे एक कायमचे पान सुरू करता येईल. प्रश्न गोळा करून द्यायला मी तयार आहे.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. कालच्या त्याच पानावर, त्याच लेखाच्या खाली, लहान मुलांची रोगप्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या थेंबांची पाव पान जाहिरात आहे आणि 'टोचणीविना संरक्षण' असे शब्द तिच्यात ठळक छापले आहेत. हे संरक्षण कोणत्या आजारापासून आणि हा दावा छापण्यापूर्वी कोणी तपासला, हे आपल्या जाहिरात विभागाला विचारून त्याचे उत्तर याच स्तंभात प्रसिद्ध करावे, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. नाशिक