जुनं पिस्तूल घेण्याआधी घोड्यावर अंगठा ठेवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शस्त्रपरवाना कुणाला मिळाला, कुणाचा रद्द झाला, कुणी लग्नात हवेत बार काढला, हे आपल्या पानांत नेहमी वाचतो. परवाना हातात पडल्यावर माणूस नेमकं काय विकत घेतो, याबद्दल मात्र कुठं छापून आलेलं पाहिलं नाही. मी सैन्यात ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रं-हत्यारं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, आर्मरर होतो. बावीस वर्षं दुसऱ्यांची हत्यारं खोलली, पुसली, जोडली. त्यानंतर नऊ वर्षं एका बँकेच्या दारात बारा बोअरची बंदूक घेऊन उभा राहिलो. एवढ्या भांडवलावर हे पत्र लिहितो आहे.

निमित्त भाच्याचं. कऱ्हाडजवळ त्याचा खडीचा क्रशर आहे, रोकड घेऊन रात्री-अपरात्री यावं लागतं. दोन वर्षं हेलपाटे घालून त्याला परवाना मिळाला. नऊ एमएम वगैरे बोअरची (नळीच्या मापाची) पिस्तुलं सामान्य माणसाला मिळत नाहीत, तेव्हा पिस्तूल म्हटलं की बत्तीस बोअर. पेढे घेऊन आला आणि बसता बसता म्हणाला, "मामा, सरकारी कारखान्याचं नको. विलायतीच घ्यायचं. वॉल्थर नाहीतर वेब्ली."

वॉल्थर जर्मन, वेब्ली इंग्रजी. हे वेड त्याच्या एकट्याचं नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून खासगी माणसाला परदेशी हत्यार आयात करणं जवळपास बंद झालं. म्हणजे देशात जी विलायती पिस्तुलं आहेत ती आहेत, त्यात फारशी भर पडत नाही. तीच या हातातून त्या हातात फिरतात. अमेरिकेत काही शे डॉलरला मिळणाऱ्या जुन्या वेब्लीला आम्हाला दुकानदारानं साडेचार लाख सांगितले. वॉल्थर पीपीला सहा, आणि तेही 'तुम्ही ओळखीनं आलात म्हणून'. ईशापूरच्या सरकारी कारखान्याचं नवंकोरं 'अशनी' पिस्तूल लाखाच्या आतबाहेर मिळतं. भाच्याचं गणित असं, की लाखाचं नवं घेतलं तर ते उद्या जुनं होणार, साडेचारचं जुनं घेतलं तर ते आणखी जुनं होऊन पाचाला जाणार. या गणितात चूक काढता येत नाही. पैसा म्हणून तो बुडणार नाही.

हत्यार म्हणूनही त्यात काही नाही असं मी म्हणणार नाही. ती पिस्तुलं अखंड पोलादातून कोरून काढलेली आहेत, एकेक भाग हातानं बसवलेला आहे. १९२९ चं वॉल्थर पीपी हातात घ्या, स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढा. लोण्यातून सुरी जावी तशी जाते. वेब्ली दिसायला चौकोनी, पेटीसारखं, पण लंडनच्या पोलिसांनी ते १९११ साली घेतलं, ते काही रूपावर भाळून नव्हे. वीस औंसांचं वजन, आठ राऊंडचं मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी), साडेतीन इंचांची नळी. नीट राखलेलं असेल तर आजही काम देईल. अडचण या 'नीट राखलेलं' दोन शब्दांत आहे.

कोल्हापूरला एक वेब्ली विकायला आहे असं कळलं. एका डॉक्टरांचं. ते वारल्यावर नियमाप्रमाणे घरच्यांनी ते परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केलं होतं. आम्ही गेलो तेव्हा डॉक्टरांच्या पत्नी स्वतः दुकानात आल्या होत्या, मांडीवर कागदांची फाइल. त्यात मूळ खरेदीची पावती होती, किंमत तीन आकडी. ती पाहून भाचा हसला, बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चाळीस वर्षं कपाटात होतं. ह्यांनी कधी उडवलेलं मी पाहिलं नाही. मला फक्त ते आमच्या नावावरून जायला हवंय."

बाहेरून पिस्तूल सुंदर होतं. काळंनिळं पॉलिश, नळीवर बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचा, म्हणजे नळीची ताकद तपासून पास करणाऱ्या संस्थेचा, मुकुटाचा शिक्का. भाच्याचा चेहरा पाहूनच कळलं की सौदा झाला. मी मॅगझिन काढलं, स्लाइड ओढून चेंबर, म्हणजे नळीच्या मागचं काडतुसाचं घर, रिकामं आहे याची डोळ्यांनी आणि करंगळीनं खात्री केली. हे दोन्ही करायचं. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं समजणाऱ्यांनी घरात किती घात केले आहेत. चेंबरमध्ये एक राऊंड राहतो आणि तेवढा पुरतो.

मग घोडा, म्हणजे बार उडवणारी मागची हातोडी, चढवला, चापाला हात न लावता घोड्यावर मागून अंगठा ठेवला आणि बेतानं पुढं ढकललं. घोडा पडला. दुसऱ्यांदा केलं, पुन्हा पडला. दुकानदार म्हणाला, "साहेब, इतका जोर कोण लावतं?" जोर लावलाच नव्हता. चाप ओढेपर्यंत घोडा धरून ठेवणारा जो बारीक दात असतो, ज्याला आम्ही सिअर म्हणतो, तो झिजला होता. असं पिस्तूल खिशात धक्का लागूनही उडू शकतं, आणि एकदा चाप ओढल्यावर दोन-दोन राऊंड सोडू शकतं. त्या काळच्या बऱ्याच पिस्तुलांत फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर ठोका देणारी खीळ) अडवून धरणारी आजच्यासारखी कडीही नसते.

उजव्या मुठीची पट्टी काढायला लावली. वेब्लीत स्लाइड परत पुढं आणणारी स्प्रिंग तिथं असते, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची. ती मूळची नव्हती. तिच्यावर कानशीचे आडवे चरे स्पष्ट दिसत होते. कुणीतरी साध्या पट्टीतून ठोकून बसवलेली. बाई म्हणाल्या, "हो, एकदा दुरुस्तीला दिलं होतं खरं." कुठं, ते त्यांना आठवेना. त्यात त्या बाईंचा काय दोष? मूळ स्प्रिंग मिळणार कुठून? आयात बंद म्हणजे सुट्या भागांचीही बंद. विलायती घेणारा साडेचार लाख मोजतो तेव्हा हा हिशेब मनात धरत नाही: उद्या फायरिंग पिन तुटली की ती लेथवर कुणीतरी अंदाजानं घडवणार. नव्या सरकारी पिस्तुलाच्या रूपाला कितीही नावं ठेवा, त्याचा भाग तुटला तर तो करणारा कारखाना या देशात आहे.

सोबत एका डबीत अकरा काडतुसं होती, किनॉक या जुन्या इंग्रजी कंपनीची, पितळेवर हिरवी बुरशी चढलेली. दुकानदार ती 'वर' द्यायला तयार होता. मी भाच्याला म्हटलं, हात लावू नकोस. इतक्या जुन्या दारूचा बार कधी अर्धवट फुटतो, गोळी नळीतच अडकते आणि आवाज बारीक झाला म्हणून माणूस लगेच दुसरा ओढतो. मग नळी फुटते. ताजी काडतुसं आपल्याकडे पुण्याच्या खडकीच्या कारखान्यात होतात, बुडावर 'केएफ' असतं, परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेत मिळतात. आजोबांच्या डबीतली कशाला वापरायची? बत्तीसचं पिस्तूल आणि बत्तीसचं रिव्हॉल्व्हर यांची काडतुसंही वेगळी असतात, हे त्या दिवशी भाच्याला दुकानातच कळलं. आणि हा माणूस परवानाधारक!

आता मुद्द्यावर येतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवाना मागणाऱ्याला सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण घ्यायला लावलं, ते चांगलंच झालं. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवली, त्यामुळं कितीतरी घरांतली तिसरी, जुनी हत्यारं कपाटातून निघून दुकानांत आली. एका परवानाधारकानं दुसऱ्याला विकायचं तर ४५ दिवस आधी लेखी कळवायचं, असंही कायद्यात आहे. त्या ४५ दिवसांत काय होतं? माझ्या बँकेच्या दिवसांत आमच्या बंदुका नूतनीकरणाला जात तेव्हा कागदावरचा नंबर आणि नळीवरचा नंबर जुळतो का, एवढं पाहिलं जाई. नळीच्या आत कुणी डोकावलेलं मला आठवत नाही. निवडणुका आल्या की हत्यारं ठाण्यात जमा, दोन महिने पोत्यासारखी रचलेली, पावसाळ्यात परत आली की तांबेरा. तोही कुणाच्या नोंदीत नाही.

इंग्लंडात १८६८ चा कायदा आहे: नळी झिजून प्रूफबाहेर गेलेली बंदूक पुन्हा प्रूफ करून घेतल्याशिवाय विकता येत नाही. त्या वेब्लीवरचा मुकुट त्याच व्यवस्थेतला, फक्त तो शिक्का कारखान्यातून बाहेर पडतानाचा. नंतरच्या सगळ्या वर्षांचं त्यात काही नाही.

माझी मागणी लहान आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात शस्त्रागार असतं आणि तिथं हत्यारं जाणणारी माणसं असतात. जुनं पिस्तूल एका नावावरून दुसऱ्या नावावर जाताना आणि दर नूतनीकरणाला त्यांच्याकडून ते खोलून पाहून घ्यावं: सिअर, स्प्रिंगा, फायरिंग पिन, नळी, सुरक्षा कळ. जमलं तर रेंजवर पाच राऊंड उडवून पाहावं. वाजवी फी घ्यावी. साडेचार लाख मोजणारा हजार-दोन हजारांना कुरकुरणार नाही, आणि कुरकुरला तर त्याला पिस्तूल मिरवायलाच हवं होतं असं खुशाल समजावं. नापास झालं तर विक्री थांबवावी. वारसांना ते निकामी करून ठेवायचं असेल तर तशी सोय द्यावी. डॉक्टरांच्या पत्नींसारख्या कितीतरी बायकांना नेमकं तेच हवं असतं, पण कुणाला विचारायचं ते कळत नाही.

कोल्हापूरचा सौदा मोडला. परतताना पेठ नाक्यापर्यंत भाचा माझ्याशी बोलला नाही. तिथं चहा घेताना एवढंच म्हणाला, "मामा, तुम्ही नसता तर मी घेतलं असतं." मी म्हटलं, कुणीही घेतलं असतं.

त्याच्या परवान्यावरची खरेदीची मुदत संपायला आता फार दिवस नाहीत. काल त्यानं फोनवर एका वॉल्थरचे चार फोटो पाठवले. चारही मुठीचे आहेत, लाकडावरच्या नक्षीचे. नळीचा एकही नाही.

आपला,
एक निवृत्त हवालदार, ता. फलटण, जि. सातारा